हा कोण गं?

तलवारी, जादूगार, राक्षस असल्या पिक्चरचं मला भयंकर वेड आणि आमच्या घरात ते दुसऱ्या कुणालाच नाही, त्यात सिक्वेल असला की माझे हाल कुत्रं खात नाही. परवा 'कोनान द डिस्ट्रॉयर' लावला, 1984 चा, अर्नोल्डचा. 1982 चा पहिला भाग इतका रक्तबंबाळ की हॉलमध्ये लावायची सोयच नाही, पण दुसऱ्यात पोराटोरांनाही बघता यावं म्हणून मारामारी बरीच सौम्य केलीय, म्हटलं चला, बघू सगळ्यांदेखत. लगेच सासूबाई मेथीची जुडी आणि जुना पेपर घेऊन समोर हजर.

"हा कोण गं?"

"कोनान."

"शर्ट नाही का त्याला?"

पिक्चर पॉज. मग सगळी रामकहाणी सांगितली, की आई, याची वॅलेरिया पहिल्या भागात मेली, आता ही राणी तारामिस म्हणतेय की माझ्या भाचीला सांभाळून घेऊन जा, जादूचं शिंग आणायला मदत कर, मी तुझ्या वॅलेरियाला जिवंत करते. सासूबाईंनी देठ खुडता खुडता राणीकडे एकदाच बघितलं. "ही बया काही जिवंतबिवंत करत नाही. भाचीचा जीव घेणारे बघ." बरोब्बर! कोनानला हे कळायला अख्खा पिक्चर लागतो, पण त्याने कुठे रोज सात ते दहा सिरियली बघितल्यात.

मग नवरा आला. राणीच्या त्या बोंबाटा नावाच्या धिप्पाड रक्षकाला बघून "अरे, हा तर विल्ट चेंबरलेन!" आणि मग बास्केटबॉल, त्याची सात फुटाच्या वर उंची, 1962 मध्ये एका मॅचमध्ये एकट्याने मारलेले 100 पॉइंट, हे सगळं नेमकं आरशांच्या खोलीतली फाइट चालू असताना. आरसा फुटला की राक्षस घायाळ होतो, पिक्चरमधली खरी बघण्यासारखी जागा तेवढीच, ती गेली बास्केटबॉलमध्ये. सासूबाईंनी मात्र ती बघितली. "केवढाले आरसे फोडले मेल्याने!"

शेवटी दागोथ जागा होतो. देव म्हणे, पण दिसतो रेनकोट घातलेल्या बेडकासारखा. आता मी गप्प बसावं ना, पण सांगितलं की आतमध्ये आंद्रे द जायंट आहे, तो कुस्तीवाला, आणि बिचाऱ्याचं नावही दिलं नाही पाट्यांमध्ये. झालं, सासूबाईंची सगळी माया दागोथकडे वळली. "एवढं रबर अंगावर? पाणीबिणी दिलं का कुणी त्याला?" आणि कोनानने दागोथचं शिंग उपटल्यावर मेथी बाजूला टाकून ओरडल्या, "अरे हळू, माणूस आहे आत!"

पिक्चर संपला. सिंहासनावर बसलेला कोनान, पुढची गोष्ट वेगळी वगैरे.

"मग पुढचा भाग लाव की."

"अर्नोल्डचा तिसरा आलाच नाही, आई."

"आणि ती वॅलेरिया?"

"मेलेलीच."

"मी काय म्हटलं होतं?" आणि मेथी उचलून आत गेल्या.