सामाईक विहीर आणि आमची वेबसाइट

आंबिया बहाराची संत्री निघाली, पेट्या थेट पुण्या-मुंबईला घरपोच जाऊ लागल्या आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर आमची वेबसाइट बसली. पडद्यावर ५०८: रिसोर्स लिमिट इज रीच्ड. जागा अनलिमिटेड, बँडविड्थ म्हणजे डेटाची ये-जा अनलिमिटेड, हे होस्टिंग कंपनीच्या, म्हणजे साइटला सर्व्हरवर जागा भाड्याने देणाऱ्यांच्या, जाहिरातीत ठळक. प्रोसेसर आणि मेमरीची हद्द तेवढी बारीक अक्षरांत.

वरूडकडच्या आमच्या गावात धड रेंज येते ती टपरीसमोरच्या कडुनिंबाखाली. कस्टमर केअरला फोन तिथूनच, स्पीकरवर. शेजारी आबाजी खर्रा घोटत बसलेले.

"सर, तुमचं शेअर्ड होस्टिंग आहे. एका सर्व्हरवर अनेक वेबसाइट असतात."

"म्हंजे सामाईक इहीर!" आबाजी सरसावले. "सातबाऱ्यावर हिस्सा हाय, पन पानी नाही. चुलतभावानं साडेसातची मोटर बसवली, माही तीनची. कोनाले भेटन पानी?"

"सर, कोण बोलतंय?"

"मी बोलून रायलो. तुमी त्याची मोटर काढाले लावा ना!"

पोरगा बिचारा शिकवलेलंच बोलणार. "सर, एखादी साइट जास्त लोड घेते, तेव्हा इतरांना त्रास नको म्हणून आम्ही तिला रोखतो."

आबाजींचा खर्रा हातातच राहिला. "पाय! याले म्हन्तेत न्याय! तलाठ्यानं शिकाव याच्यापासून." मग माझ्याकडे बघून, "पन रोखली कोनाची?"

"माझी."

"म्हंजे पानी ओढनारा तूच? काहून रे, लाज नाही वाटत?"

त्यानंतर मी त्यांचा चुलतभाऊच झालो. विहिरीचा सगळा जुना हिशेब माझ्यावर निघाला.

तेवढ्यात पोरगा पुढचं विकत होता. व्हीपीएसमध्ये, म्हणजे एकाच सर्व्हरचे वेगवेगळे भाग पाडलेले असतात त्यात, हिस्सा राखीव, पण स्वस्तातला घेतला तर अपडेट आणि बॅकअप आपणच बघायचे. डेडिकेटेडमध्ये अख्खा सर्व्हर आपला. क्लाउडमध्ये लागेल तशी ताकद वाढते आणि वापराप्रमाणे बिल. आमचा धंदा हंगामी, म्हणजे बहार संपला की साइटवर कुत्रं फिरकत नाही. मग वर्षभर मोठं भाडं का भरू? आणि क्लाउडचं बिल दिवाळीत किती येईल? याचं उत्तर नाही. पहिल्या वर्षाचा स्वस्त दर मात्र तोंडपाठ. नूतनीकरणाचा दर विचारला तर "वेबसाइटवर बघा, सर". त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. इकडे ग्राहक व्हॉट्सअ‍ॅपवर विचारताहेत, दुकान बंद केलं का?

"सर, तुमच्या समस्येचं निराकरण झालं का?"

"झालं, झालं! बंदच ठेवा त्याची!" आबाजी ओरडले.

तक्रार बंद केल्याचा मेसेज लगेच आला. खाली पाच ताऱ्यांची विनंती.