‘खराब रॅम बदलून दिली नाही’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. इतर वाचणाऱ्यांना संदर्भ कळावा म्हणून आधी तुमची तक्रार थोडक्यात मांडतो. तुम्ही घरी स्वतः जोडलेल्या डेस्कटॉपसाठी आमच्याकडून डीडीआर५ प्रकारच्या, ६००० वेगाच्या रॅमचं किट नेलंत, १६ जीबीच्या दोन स्टिकचं. ते व्यवस्थित चाललं. नंतर ३२ जीबी कमी पडायला लागली म्हणून त्याच मॉडेलचं आणखी एक किट नेलंत आणि चारही स्लॉट भरलेत. तिथून ब्लू स्क्रीन (विंडोज कोलमडल्यावर येणारा निळा पडदा), मध्येच रिस्टार्ट, कधी सुरू करताना नुसता काळा पडदा. तुम्ही दुसरं किट परत आणलंत, आम्ही तपासलं, दोष नाही असं सांगितलं आणि बदलून दिलं नाही. त्यावर तुम्ही लिहिलंत, ‘यांचं टेस्टिंग म्हणजे देखावा. स्वतःच्या मशीनवर चाललं की माल चांगला, ग्राहकाकडे बंद पडला तरी यांना काय!’

ब्लू स्क्रीन खोटी आहे असं आम्ही कधीच म्हटलं नाही. ती येतेय, आणि चार स्टिक लावल्यावरच येतेय, हे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. वाद फक्त त्यावरून काढलेल्या निष्कर्षाचा आहे.

आधी टेस्टिंगबद्दल, कारण शब्द ‘देखावा’ असा वापरलाय. दोन्ही स्टिक एकेक करून, एकाच स्लॉटमध्ये लावून, पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवला. आधी ४८०० या मूळ वेगावर, मग एक्स्पो प्रोफाइल (रॅमला जास्त वेग देणारी तयार सेटिंग) चालू करून ६००० वर, आणि शेवटी दोन्ही एकत्र, रात्रभर. एकही एरर आली नाही. विंडोजमधली मेमरी टेस्ट आम्ही ग्राह्य धरत नाही. ती पास झालेल्या स्टिक मेमटेस्टमध्ये नापास होताना आम्ही पाहिल्या आहेत. आणि रॅमच्या बाबतीत ‘एखाददुसरी एरर चालते’ असं काही नसतं. मूळ वेगावर, एकट्या स्टिकवर एररची एक जरी लाल ओळ दिसली असती, तरी तिथेच बदलून दिली असती. वॉरंटीत नवी स्टिक कंपनीच देते. दोष लपवून आमच्या पदरात काय पडणार?

आता तुमचा खरा मुद्दा: आमच्या मशीनवर चालली म्हणजे तुमच्या मशीनवर चालेलच असं नाही. शंभर टक्के मान्य. म्हणूनच काउंटरवर तुम्हाला म्हटलं होतं की अख्खा कॅबिनेट घेऊन या. त्यावर तुमचं उत्तर होतं, ‘बिघाड रॅममध्ये आहे, मशीन कशाला आणू?’ गोष्ट तिथेच अडली आहे. रॅमवर लिहायचं-वाचायचं काम करणारा मेमरी कंट्रोलर स्टिकमध्ये नसतो, प्रोसेसरमध्ये असतो. स्टिकपासून प्रोसेसरपर्यंतच्या तारा मदरबोर्डमध्ये असतात. व्होल्टेज आणि टायमिंग बायोस, म्हणजे मदरबोर्डमधलं मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर, ठरवतं. यातलं काहीही कमी पडलं तरी पडद्यावर बऱ्याचदा ‘मेमरी मॅनेजमेंट’ असंच लिहून येतं, आणि कोणालाही वाटतं की मेमरी गेली.

तुमचा प्रोसेसर रायझेन ७००० मालिकेतला आहे. या मालिकेसाठी ती बनवणाऱ्या एएमडी कंपनीने स्वतः जाहीर केलेले रॅमच्या वेगाचे आकडे असे: दोन स्टिक लावल्या तर ५२००, चार लावल्या तर ३६००. डब्यावरचा ६००० हा आकडा एक्स्पो प्रोफाइलचा आहे, म्हणजे ओव्हरक्लॉकिंगचा, ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याचा. मूळ डीडीआर५ १.१ व्होल्टवर चालते. ६००० च्या बऱ्याच किटचं प्रोफाइल ते १.३५ पर्यंत नेतं. दोन स्टिकवर बहुतेक प्रोसेसर हा वेग आनंदाने घेतात. तुमचंही पहिलं किट घेतच होतं. पण बोर्डावर स्लॉट चार असले तरी चॅनल, म्हणजे प्रोसेसरपर्यंत जाणारे मार्ग, दोनच असतात. चार स्टिक म्हणजे प्रत्येक चॅनलवर दोन, एकाच तारेवर दुप्पट भार, आणि इतक्या वेगात सिग्नल स्वच्छ पोहोचणं तेवढ्यानेच अवघड होतं. स्टिक नवीकोरी आणि निर्दोष असली तरीही.

त्यात आणखी एक. एका डब्यातल्या दोन स्टिक एकमेकींबरोबर तपासून भरलेल्या असतात. दुसऱ्या डब्यातल्या दोघींशी त्यांची कधी गाठ पडलेली नसते. मॉडेल नंबर तोच असला तरी मधल्या काळात आतल्या चिप वेगळ्या बनावटीच्या आलेल्या असू शकतात. रॅम बनवणाऱ्या कंपन्या दोन किट एकत्र करू नका असं सांगतात ते याच कारणाने. दुसरं किट देताना तुमच्या बिलावरही ‘चार स्टिकवर ६००० वेगाची हमी नाही’ ही ओळ आहे, कृपया एकदा पाहा. ती पळवाट म्हणून लिहिलेली नाही. चार स्टिक कमी वेगावर चालवून समाधानी असलेले ग्राहक आमच्याकडे आहेत. ज्यांना मोठ्या फाइल हाताळायच्या असतात त्यांना वेगापेक्षा जागा महत्त्वाची असते.

तरीही आमच्यावर विश्वास ठेवू नका, घरी स्वतः पाहा. बायोसमध्ये जाऊन एक्स्पो बंद करा, चारही स्टिक तशाच राहू द्या, वेग हाताने ३६०० ठेवा आणि मेमटेस्ट रात्रभर चालू द्या. सकाळी एरर शून्य असतील तर स्टिक दोषी नाहीत, वेग जास्त होता. मग ४०००, ४४०० असं हळूहळू वर जा. जिथे पहिली एरर येईल त्याच्या एक पायरी खाली थांबा. ३६०० वरही एरर आल्या, तर एकेक स्टिक काढून तपासा. एरर ठरावीक पत्त्यावर (मेमरीतल्या त्याच जागी) पुन्हा पुन्हा येत असेल आणि स्टिक ज्या स्लॉटमध्ये जाईल तिथे तिच्या मागोमाग जात असेल, तर ती स्टिक गेली आहे. एरर विखुरलेल्या, दर वेळी वेगळ्या पत्त्यावर, आणि फक्त चार लावल्यावरच येत असतील तर स्टिकला दोष देता येत नाही. आणि कुठलीही स्टिक एका विशिष्ट स्लॉटमध्ये लावली की एरर, हे दिसलं तर बोर्ड किंवा सॉकेट पाहावं लागेल. या प्रोसेसरच्या पिन बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात. एखादी वाकलेली असेल किंवा कूलर एका बाजूला जास्त आवळला गेला असेल तरी एखादा स्लॉट रुसतो.

हे करण्यापूर्वी बायोस अपडेट करून घ्या. चार स्टिकच्या बाबतीत सुरुवातीचं बायोस आणि आताचं बायोस यांत पुष्कळ फरक पडलाय. मात्र ते अपडेट जुन्या दोनच स्टिक लावून करा, मशीन डळमळीत असताना नको.

काळ्या पडद्याबद्दल तुम्ही लिहिलंय की ‘अर्धा मिनिट वाट पाहून बटण दाबून बंद करतो, परत चालू केलं तरी तेच’. नवीन स्टिक लावल्यावर किंवा बायोस रिसेट केल्यावर बोर्ड पहिल्यांदा मेमरी ट्रेनिंग करतो, म्हणजे प्रत्येक स्टिकसाठी योग्य टायमिंग शोधत बसतो. डीडीआर५ ला, त्यातही चार स्टिकला, यात काही मिनिटं सहज जातात. त्या वेळात पडदा काळा आणि बोर्डावरचा ‘डीरॅम’ लिहिलेला रॅमचा दिवा पेटलेला. मध्येच बंद केलं की पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून. चहा होईपर्यंत हात लावू नका.

‘आता जुन्या दोन स्टिकवर परत गेलो तरी अधूनमधून ब्लू स्क्रीन येते, म्हणजे तुमच्या रॅमने बोर्ड घालवला’ या वाक्याने मला सगळ्यात जास्त काळजी वाटली, बोर्डाची नव्हे, तुमच्या डेटाची. मेमरी चुकत असताना विंडोज थांबत नाही. ती चुकलेली माहितीच एसएसडीवर लिहीत राहते. त्या दिवसांत अपडेट झाले असतील, काही सॉफ्टवेअर टाकलं असेल, तर त्यातल्या फाइल खराब लिहिल्या गेलेल्या असू शकतात, आणि रॅम पूर्ववत झाली तरी त्या तशाच राहतात. आधी दोन स्टिकवर मेमटेस्ट पास करून घ्या. मग ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून एसएफसी स्कॅननाऊ (sfc /scannow, विंडोजच्या खराब झालेल्या फाइल शोधून दुरुस्त करणारी कमांड) चालवा. त्यानेही भागलं नाही तर विंडोज नव्याने टाका. त्या काळात कॉपी केलेले फोटो आणि झिप फाइल उघडून पाहा, आणि जुना बॅकअप आत्ताच पुसू नका.

दुसऱ्या एका ठिकाणी तुम्हाला स्टिकचे सोनेरी पाय खोडरबराने घासायला सांगितलं असंही तुम्ही लिहिलंय. नव्या स्टिकला त्याची काहीच गरज नाही. वरचा मुलामा अगदी पातळ असतो आणि खोडरबराचा भुगा स्लॉटमध्ये जातो.

आता देण्याघेण्याचं. एकटी, मूळ वेगावर, कुठल्याही मशीनवर एरर देणारी स्टिक आणा, एररची लाल ओळ दिसली की बदलून मिळेल, वाद नाही. तुम्हाला ६४ जीबी आणि ६००० दोन्ही हवं असेल तर रस्ता एकच आहे, ३२ जीबीच्या दोन स्टिकचं एक किट. दुसरं किट त्यात पूर्ण किमतीला जमा करून घेऊ. पहिलं वापरलेलं आहे, त्याची किंमत कमी धरली जाईल हे आधीच सांगतो. नवं किट निवडताना तुमच्या बोर्डावर चालणाऱ्या रॅमच्या कंपनीने दिलेल्या यादीत त्याचं मॉडेल आहे का, हे आम्ही तुमच्यासमोर पाहू.

कॅबिनेट आणायचं ठरवलंत तर प्रोसेसर आणि कूलर काढू नका, आहे तसंच आणा. ग्राफिक्स कार्ड मोठं आहे, ते तेवढं सोडवून वेगळं गुंडाळा, नाहीतर वाटेत स्लॉट तुटेल. बायोसचा पासवर्ड ठेवला असेल तर तो लागेल, विंडोजचा लागणार नाही.