पोरांना उंबऱ्याच्या आत ठेवा

गेल्या रविवारी माझ्या हातून गुन्हा घडला. पोहे परतायला टाकले आणि बघते तर कोथिंबीर नाही. समोरचा आठवीतला मुलगा जिन्यात दिसला, त्याच्या हातावर वीस रुपये ठेवले. "कोथिंबीर म्हणजे ती वरून घालतात ती ना?" असं विचारून पोरगं पळालंसुद्धा. थोड्या वेळाने आई दारात. "काकू, एकट्याला गेटबाहेर पाठवलंत? विचारायचं तरी!" संध्याकाळी ग्रुपवर मेसेज. नाव नाही, नुसतं 'काही ज्येष्ठ मंडळी'. आमच्या मजल्यावर ज्येष्ठ मी एकटीच.

तर मी सुधारले आहे. तुम्हीही सुधारा.

सॅक आईनेच उचलावी. बस गेटसमोर थांबत असली तरी.

रस्ता ओलांडायला शिकवू नका. पीएमपीच्या बसचं तर नावही काढू नका, पोराला तिकीट काढता आलं तर उद्या ते स्वारगेटला जाईल.

इंजिनिअरिंगच्या सीईटीचा फॉर्म, प्रवेशाच्या कॅप राउंडचे पर्याय, सगळं बाबांनी भरावं. आपली ब्रँच कोणती हे मुलाला ॲडमिशन झाल्यावर कळलं तरी चालतं.

पंधरावं लागलं की मात्र ॲक्टिवाची किल्ली द्या. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं, आणि 2019 पासून अल्पवयीन पोराने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड होऊ शकतो, हे असलं वाचत बसू नका. कोपऱ्यापर्यंत चालत गेलं तर ऊन लागतं ना.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे फोन. खोलीचं दार लावून, एसी लावून, रात्री अकराला कानाला हेडफोन. कुठल्या गावच्या कोणाशी खेळतोय, काय बोलतोय, तो समोरचा बारा वर्षांचा आहे की बेचाळीस, काही पत्ता नाही. पण पोर 'घरात' आहे! आणि ज्या भाजीवाल्याने त्याला बाबागाडीत असल्यापासून पाहिलंय, तो अनोळखी माणूस. अहो, पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या, बहुतेक प्रकरणांत आरोपी ओळखीतलाच निघतो, गेटबाहेरचा नाही. घरातला, नात्यातला, शिकवणीतला. हे कधी बोललात पोराशी? नको असेल तर ओरडायचं, आपल्याला येऊन सांगायचं, मुलांच्या हेल्पलाइनचा 1098 लावायचा, शिकवलंत यातलं काही? त्याची लाज वाटते. मग ग्रुपवर माझ्या कोथिंबिरीवरून मेसेज टाकायला बरी वेळ सापडते! पाच वर्षांनी हाच मुलगा परगावी हॉस्टेलवर जाईल, तेव्हा तिथेही त्याची सॅक धरून उभ्या राहणार आहात का?

त्या दिवशी त्याने मला चोख हिशोब दिला होता. भाजीवाला वीस म्हणत होता, याने पंधराला ठरवलं आणि पाचचं चॉकलेट घेतलं. तो आईला तेच सांगायला गेला, तर ती म्हणाली, "आधी हात धू."