शिरोरेखेच्या सांध्यांचे काय?

ठळक अक्षर सॉफ्टवेअरमध्ये आडवे दाबून त्याला किनार दिली की अरुंद पोकळ टंक (नुसत्या बाह्यरेषेचा, आतून रिकामा फॉन्ट) तयार होतो, हे अशा देवनागरी टंकांवरील आपल्या लेखातील विधान मला मान्य नाही. अक्षर असे दाबले की उभे दंड रोडावतात, शिरोरेखा मात्र तितकीच जाड राहते आणि काटक्यांवर तुळई ठेवावी तसा शब्द वरून जड दिसू लागतो. त्याहून मोठी अडचण सांध्यांची आहे: प्रत्येक अक्षर शिरोरेखेचा आपला तुकडा सोबत आणते, तो शेजारच्या तुकड्यावर किंचित चढतो, आणि भरीव अक्षरात न दिसणारा हा सांधा पोकळ अक्षरात उभी रेघ होऊन उमटतो.

नागपुरात इतवारीतील एका चिंचोळ्या दुकानाच्या पाटीसाठी मी ‘वस्त्रभांडार’ हा शब्द याच रीतीने केला, तेव्हा कान्यांच्या दोन्ही बाजूंनाही अशा रेघा आल्या आणि ‘स्त्र’मधील पोकळी तर पूर्ण बुजली. शेवटी सर्व आकार एकत्र जोडून किनार नव्याने काढली व ‘स्त्र’ हाताने रुंदावला. त्यात अख्खी दुपार गेली. मुळातच पोकळ म्हणून घडवलेल्या टंकात शिरोरेखेची टोके उघडी ठेवून ती शब्दाच्या आरंभी व अंती ओपनटाइप या फॉन्ट-स्वरूपातील नियमांनी बंद करता येतात. हे काम टंककाराचे आहे आणि लेखात त्याचा उल्लेख यायलाच हवा होता. असा टंक मोठ्या आकारातच वापरावा, हा आपला सल्ला मात्र अगदी योग्य आहे.