तिघांचे मिळून बहात्तर

कोड्यातली माणसं पैशांच्या बाबतीत जशी वागतात, तशी वागणारी माणसं मला प्रत्यक्षात भेटलेली नाहीत. भेटली तर मी त्यांना सोडणार नाही. हे तिघे मित्रच पाहा. पहिला उठतो आणि बाकीच्या दोघांना, ज्याच्यापाशी जितकी नाणी आहेत तितकीच आणखी देऊन टाकतो. मग दुसऱ्याला तीच उबळ येते. मग तिसऱ्याला. हा दानयज्ञ आटोपल्यावर प्रत्येकापाशी 24 नाणी असतात. तर सुरुवातीला कोणापाशी किती होती?

हे कोडं मला भरल्या बैठकीत आमच्या साडूंनी घातलं. उत्तर त्यांना अर्थातच पाठ होतं. "सावकाश सांगा, घाई नाही," असं म्हणून ते घड्याळाकडे बघतात. कागद मागावा तर तिथेच निम्मी अब्रू जाते. न मागावा तर सगळीच जायची भीती. तेवढ्यात कुणीतरी म्हणतंच, "यांचं गणित शाळेत फार चांगलं होतं."

मी कागद मागितला. समजा, पहिल्यापाशी क्ष, दुसऱ्यापाशी य, तिसऱ्यापाशी झ. पहिली फेरी सभ्यपणे पार पडली: क्ष − य − झ, 2य आणि 2झ. दुसऱ्या फेरीत मधल्या माणसाची 3य − क्ष − झ अशी अवस्था झाली. तिसऱ्या फेरीअखेर तिसरा 7झ − क्ष − य होऊन बसला. चुकलं काहीच नव्हतं. तीन अज्ञातं, तीन समीकरणं, सुटणारच होती. पण कंसाबाहेरचं उणे आत शिरलं की आतल्या प्रत्येकाशी भांडण उकरतं, आणि साडू माझ्या खांद्यावरून वाकून प्रत्येक भांडण वाचत होते.

म्हणून मी कागद उलटा केला आणि कोडंही. नाणी या तिघांतच फिरली, बाहेर एकही गेलं नाही. म्हणजे एकूण 72, पहिल्यापासून शेवटपर्यंत. शेवटचं दान तिसऱ्याचं. त्याने इतर दोघांची रक्कम दुप्पट केली, तर त्याआधी त्यांच्यापाशी 12-12 असणार आणि उरलेली 48 त्याच्यापाशी. त्याआधीचं दान दुसऱ्याचं: पहिल्यापाशी 6, तिसऱ्यापाशी 24, दुसऱ्यापाशी 42. आणखी एक पाऊल मागे गेलं की दुसऱ्यापाशी 21, तिसऱ्यापाशी 12 आणि पहिल्यापाशी 39. संपलं. ना क्ष, ना कंस. आर्यभटाने 499 च्या सुमारास ही रीत एका श्लोकात बसवली आहे: उलट जाताना गुणाकाराचा भागाकार करा, भागाकाराचा गुणाकार, बेरजेची वजाबाकी आणि वजाबाकीची बेरीज.

जाता जाता एक हिशेब मात्र मला छळतो. ज्याने दानाला सुरुवात केली, त्याची 15 नाणी गेली. सगळ्यात शेवटी ज्याला पाझर फुटला, त्याची रक्कम बाराची चोवीस झाली.

"उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक असणार," साडू म्हणाले. "बीजगणिताने करून दाखवा."

आता मात्र मी भास्कराचार्यांना बाहेर काढलं. त्यांच्या 1150 च्या बीजगणितात दोन मित्र आहेत. एक म्हणतो, "मला शंभर दे, मी तुझ्या दुप्पट श्रीमंत होईन." दुसरा म्हणतो, "त्यापेक्षा तू मला दहा दे, मी तुझ्या सहापट होईन." सांगा, कोणापाशी किती?

साडू खूश झाले. "सोपं आहे. उलटं जायचं. शेवटी किती उरले?"

"काहीच उरलं नाही. काही घडलेलंच नाही हो. दोघे नुसते बोलतायत."

साडूंनी कागद ओढून घेतला. बराच वेळ क्ष आणि य यांची झटापट चालली. शेवटी मला राहवलं नाही. भास्कराचार्यांनी दोन अज्ञातं घेतलीच नाहीत. पहिल्यापाशी 2क्ष − 100 आणि दुसऱ्यापाशी क्ष + 100 मानलं की शंभराची अट आपोआप जुळते. इकडे 2क्ष होतात, तिकडे क्ष राहतात. मग दहाची अट तेवढी लावायची: क्ष + 110 = 6(2क्ष − 110). यातून 11क्ष = 770, क्ष = 70. म्हणजे पहिल्यापाशी 40 आणि दुसऱ्यापाशी 170.

साडूंनी ताळा करून पाहिला. 140 आणि 70, दुप्पट. 180 आणि 30, सहापट. मग ते गंभीर झाले. "म्हणजे ज्याच्याकडे चाळीस आहेत तो शंभर मागतोय, आणि एकशेसत्तरवाला दहासाठी हात पसरतोय?"

"हो."

"मग शेवटी दिले का कुणी कुणाला?"

श्लोकात त्याबद्दल अक्षर नाही.