स्टेडियम बांधलं की टीम बुडते म्हणे!

रविवारी सकाळी आबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "ग्राउंड बांधलं की टीम बुडत्या व्हय रे?"

मला आधी वाटलं आमच्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमचं काहीतरी निघालं. मग त्यांनी फोन पुढे केला. भाच्याने घरच्या ग्रुपवर टाकलेला फॉरवर्ड. दोन आठवडे माझ्या तीन ग्रुपांवर फिरतोय, आणि इतके दिवस मी तो अंगठ्याने वर ढकलत होतो. खाली भाच्याची पुस्ती: "मामा, वाचलंस का? डोळे उघडतील."

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नाही (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबने ओल्ड ट्रॅफर्ड या आपल्या मैदानाशेजारी एक लाख प्रेक्षकांचं नवं स्टेडियम बांधायचं जाहीर केलंय. खर्च साधारण 200 कोटी पौंड. फॉरवर्डचं म्हणणं, हा आत्मघात आहे. कारणं पाच. एक, लंडनच्या आर्सेनल क्लबने स्टेडियम बांधलं आणि नऊ वर्षं एक कप मिळाला नाही. दोन, लंडनच्याच टॉटनहॅमने बांधलं आणि खेळाडू घ्यायला दमडी उरली नाही. तीन, युनायटेड आधीच महागडे खेळाडू घेऊन कर्जात बुडालंय, त्यात ही भर. चार, युनायटेडचा जुना मॅनेजर (म्हणजे मुख्य प्रशिक्षक) फर्ग्युसनने एकही महाग खेळाडू न घेता, घरची पोरं खेळवून सगळं जिंकलं. तसा मॅनेजर आणा, विटा-सिमेंट नको. पाच, 1910 पासून जशीच्या तशी उभी असलेली पवित्र वास्तू पाडणं हे पाप. शेवटी अर्थातच, खरे फॅन असाल तर दहा जणांना पाठवा.

आबा सत्तरी ओलांडलेले, कोल्हापूरच्या पाटाकडील तालीम या फुटबॉल संघाचे जन्मजात पाठीराखे. मैदानात रेफ्रीचं ऐकणार नाहीत, पण फोनवर छापील अक्षर दिसलं की यांचा विश्वास बसलाच. आणि भाचा इंजिनियर. त्याला पहिली लाल जर्सी मीच घेऊन दिली होती, त्यामुळे निस्तरणंही माझ्याकडेच.

तिसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो. बाकीचे नुसते चुकीचे आहेत. हा चोराला सोडून घरमालकाला पकडणारा आहे.

आबांना समजावलं ते असं. समजा तुमची दोन एकर बागायत आहे, सातबारा कोरा. परगावचा एक जण येतो, तुमच्याच जमिनीवर बोजा चढवून बँकेतून पैसे उचलतो आणि त्याच पैशातून तुमची जमीन विकत घेतो. आता हप्ते कोण फेडणार? ऊस. दर हंगामाला बिल आलं की आधी बँक कापून घेणार, मग उरलं तर खत, त्यातूनही उरलं तर विहिरीची मोटर. वीस वर्षांनी मोटर जळाली, पाइप फुटले, की गावातला एखादा शहाणा पारावर बसून सांगणार, "बियाण्यावर लई खर्च केला त्यांनी, म्हणून बुडाले."

2005 मध्ये नेमकं हेच झालं. अमेरिकेच्या ग्लेझर कुटुंबाने युनायटेड घेतला तेव्हा क्लबवर कर्ज नव्हतं. सौदा साधारण 79 कोटी पौंडांचा. त्यातला मोठा हिस्सा उसना, आणि त्या उसनवारीचा बराचसा भार क्लबच्याच डोक्यावर. इंग्लंडमधल्या पाठीराख्यांना हे तेव्हाच कळलं होतं. काहींनी वैतागून त्याच वर्षी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचा आपला वेगळा क्लब काढला. 2010 मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर लाल सोडून हिरवे-पिवळे मफलर दिसायला लागले. ते न्यूटन हीथचे, म्हणजे क्लबच्या मूळ नावाच्या काळातले रंग. त्या मार्चमध्ये युनायटेडचा जुना खेळाडू बेकहॅम इटलीच्या मिलानकडून खेळायला आला, 4-0 ने हरला, आणि मैदान सोडताना त्यानेही एक मफलर गळ्यात घातला. हे सगळं झालं ते कुठल्या स्टेडियमच्या विरोधात?

ज्याला कागद हवा त्याच्यासाठी कागद आहे. युनायटेडचे शेअर 2012 पासून न्यूयॉर्कच्या बाजारात आहेत. त्यामुळे क्लबला दर वर्षी अमेरिकेच्या नियामकाकडे हिशेब द्यावा लागतो, आणि तो कोणालाही फुकट वाचता येतो. भाच्या, तुझ्या कंपनीच्या हिंजवडीतल्या वायफायवर तो दोन मिनिटांत उतरेल. त्यात वर्षानुवर्षं एकच आकडा ठाण मांडून बसलाय: दीर्घ मुदतीचं कर्ज 65 कोटी डॉलर. 42.5 कोटींचे रोखे आणि 22.5 कोटींचं मुदत कर्ज. खेळाडू आले, गेले, म्हातारे झाले, टीव्हीवर पंडित होऊन बसले. हा आकडा जागचा हलला नाही. कारण तो खेळाडूंचा नाहीच, 2005 च्या खरेदीचंच कर्ज फिरवून फिरवून नवं केलेलं आहे. व्याज, फिया आणि मालकांना दिलेला लाभांश धरून क्लबमधून शंभर कोटी पौंडांच्या वर पैसा बाहेर गेला, अशी बेरीज इंग्लंडच्या वर्तमानपत्रांनी कितीदा तरी मांडून झालीय. म्हणजे नव्या स्टेडियमचा अर्धा खर्च. त्यातून काय बांधलं? काहीही नाही.

12 मे 2024. आर्सेनलविरुद्धची मॅच घरी बघत होतो. 1-0 ने हरलो ते हरलोच, पण मॅचनंतर धो धो पाऊस आला आणि ओल्ड ट्रॅफर्डच्या छताच्या कोपऱ्यातून पाणी सुटलं. ठिबक नव्हे. सरळ धार, रंकाळ्याचा सांडवा सुटल्यासारखी, खाली खुर्च्यांवर. आबा तेव्हा म्हणाले होते, "आपल्या पोटमाळ्यागत गळतंय की रे." आपण पोटमाळ्याखाली बादली ठेवतो आणि दिवाळीनंतर पत्रा बदलू म्हणतो. जगातल्या सर्वांत श्रीमंत क्लबांपैकी एकाने वीस वर्षं बादलीवर भागवलं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला हे दिसलं नाही, त्याला दिसला न बांधलेल्या स्टेडियमचा खर्च.

आता दातओठ खात एक गोष्ट कबूल करतो, नाहीतर भाचा तोच अहवाल माझ्या तोंडावर मारेल. इतर क्लबांना खेळाडूंचे हप्ते देणं बाकी आहे, तो आकडाही त्याच अहवालात आहे आणि 2024 मध्ये तो 30 कोटी पौंडांच्या वर होता. ही चैन खरी. 2022 मध्ये अँटनी या खेळाडूसाठी आयॅक्स या डच क्लबला आठ कोटी पौंडांच्या वर मोजले, त्यावर मी काय बोलणार? पोग्बाला 2012 मध्ये फुकट जाऊ दिलं, 2016 मध्ये 8.9 कोटी पौंडांना, म्हणजे तेव्हाच्या जागतिक विक्रमी किमतीला परत आणलं, आणि 2022 मध्ये पुन्हा फुकट सोडलं. डी मारियाला 2014 मध्ये जवळजवळ सहा कोटींना घेतलं आणि वर्षभरात दीड कोटी तोट्यात विकलं. बैलबाजारात असा व्यवहार कोणी केला तर घरचे त्याला पुन्हा एकटा पाठवणार नाहीत. पण हा दोष खरेदी करणाऱ्यांच्या अकलेचा. तो स्टेडियमच्या माथी कसा मारता?

चौथा मुद्दा वाचून तर मला हसूच फुटलं. फर्ग्युसनने महाग खेळाडू घेतले नाहीत? पॅलिस्टर 1989 मध्ये 23 लाख पौंडांना आला, ब्रिटनमध्ये बचावपटूसाठी तेव्हाची विक्रमी रक्कम. रॉय कीन 1993, 37.5 लाख, ब्रिटिश विक्रम. अँडी कोल 1995, 70 लाख, पुन्हा विक्रम. स्टॅम 1998, एक कोटीच्या वर. व्हेरॉन 2001, 2.8 कोटी, विक्रम. पुढच्याच वर्षी फर्डिनंड, तो विक्रमही मोडून. 2004 मध्ये अठरा वर्षांच्या रूनीला अडीच कोटींच्या वर. बेकहॅम, स्कोल्स, गिग्ज, नेव्हिल ही घरची पोरं होतीच, कोण नाही म्हणतंय? पण त्या पोरांच्या मागे कीन उभा होता, आणि कीन काय तालमीच्या दारात सापडला नव्हता.

मॅनेजरला वेळ द्या, हे मात्र बरोबर आहे. फर्ग्युसन नोव्हेंबर 1986 मध्ये आला. पहिला कप मे 1990 मध्ये. मधल्या चार हंगामांत लीगमध्ये टीम अकरावी, दुसरी, अकरावी, तेरावी. डिसेंबर 1989 मध्ये तर एका प्रेक्षकाने त्याला निरोप देणारी चादर रंगवून स्टँडमध्ये धरली होती. पुढच्याच महिन्यात नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध आमच्या मार्क रॉबिन्सचा एक गोल झाला आणि एफए कप या इंग्लंडच्या स्पर्धेची वाट उघडली. 2013 मध्ये फर्ग्युसन गेला, त्यानंतर मोयेसपासून अमोरिमपर्यंत सहा कायम मॅनेजर झाले, आणि मोयेसला तर दहा महिनेच मिळाले. पण वेळ देणं आणि छत दुरुस्त करणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात ना? पहिल्यासाठी तर पैसेही लागत नाहीत.

आर्सेनल. यात अर्धं खरं आहे, म्हणून ते जास्त पसरतं. 2005 चा एफए कप (तोही आमच्याविरुद्ध, पेनल्टीवर) आणि 2014 चा एफए कप, मधे काही नाही. 2006 मध्ये हायबरी हे जुनं मैदान सोडून एमिरेट्स या नव्या स्टेडियमला गेले. 39 कोटी पौंडांचा खर्च, त्यापायी बँकांची कर्जं, आणि हप्ते फेडताना त्यांचा मॅनेजर वेंगरचा हात आखडला, हे वेंगरने स्वतः सांगितलंय. फाब्रेगास गेला, नासरी गेला, 2012 मध्ये व्हॅन पर्सी गेला. गेला कुठे? आमच्याकडे! 26 गोल मारून त्याने फर्ग्युसनला शेवटची लीग मिळवून दिली. त्या वर्षी आमच्यातल्या कोणाला एमिरेट्सबद्दल तक्रार नव्हती.

पण फॉरवर्ड ज्याला 'बुडालं' म्हणतो ते काय होतं बघा. त्या सगळ्या वर्षांत आर्सेनल लीगमध्ये एकदाही पहिल्या चारांच्या बाहेर गेलं नाही. दर हंगामाला चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या बड्या क्लबांची स्पर्धा. हायबरीत 38 हजार माणसं बसायची, इथे 60 हजार, आणि सामन्याच्या दिवसाचं उत्पन्न पहिल्याच हंगामात जवळजवळ दुप्पट झालं. शिवाय समोर कोण उभं होतं तेही बघा. 2003 मध्ये चेल्सीला अब्रामोविच हा रशियन अब्जाधीश मालक मिळाला, 2008 मध्ये मँचेस्टर सिटीला अबुधाबीचा पैसा. हायबरीतच राहिले असते तर त्या पैशाशी 38 हजार तिकिटांवर झुंजायचं होतं काय? 2013 मध्ये हप्त्यांचा फास जरा सैल झाला आणि ओझिल 4.25 कोटींना आला. पुढच्या मे महिन्यात कप.

टॉटनहॅमवर जास्त शाई घालवत नाही. 2018 च्या उन्हाळ्यात त्यांनी एकही खेळाडू घेतला नाही, जानेवारीतही नाही. खरं आहे. आणि त्याच हंगामात ते चॅम्पियन्स लीगच्या फायनलला गेले, फॉरवर्डमध्ये नेमकं हेच गाळलंय. 3 एप्रिल 2019 ला नवं स्टेडियम उघडलं आणि त्याच उन्हाळ्यात एन्डोम्बेलेला क्लबच्या विक्रमी रकमेला घेतलं. म्हणजे दमडी होती. तो चालला नाही, आणि नोव्हेंबरमध्ये मॅनेजर पोचेटिनोही गेला. कप मिळायला 2025 उजाडलं. बिलबाओतली ती युरोपा फायनल कोणाविरुद्ध होती हे मी इथे लिहिणार नाही.

राहिली पवित्र वास्तू. जशीच्या तशी? 11 मार्च 1941 च्या रात्री जर्मन बॉम्बनी ओल्ड ट्रॅफर्ड उद्ध्वस्त केलं. 1949 पर्यंत युनायटेडचे घरचे सामने कुठे झाले माहितेय? मेन रोडवर. सिटीच्या मैदानावर! 1910 चा आज उरलाय तो दक्षिण स्टँडखालचा खेळाडू बाहेर येण्याचा जुना बोगदा, बाकी सगळं नंतर बांधलेलं. नव्या स्टेडियमची घोषणाही 2025 च्या 11 मार्चलाच झाली. तारीख मुद्दाम निवडली की योगायोग, मला ठाऊक नाही. तिथे वाढलेल्या माणसाला ते मैदान सोडताना वाईट वाटणार, आणि तसं वाटू द्यावं. पण त्याला पाप म्हणू नये.

चीड आणणारी गोष्ट ही की काळजी करण्यासारखं खरंच काहीतरी आहे, आणि तेवढंच त्या फॉरवर्डमध्ये नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये, हंगाम अर्ध्यात असताना, युनायटेडने सदस्यांसाठी उरलेली तिकिटं सरसकट 66 पौंडांना केली. लहान मुलांची सवलत बंद, पेन्शनरांचीही बंद. पन्नास वर्षं येणाऱ्या म्हाताऱ्याला आणि पहिल्यांदा येणाऱ्या पोराला एकच दर. एक लाख खुर्च्या झाल्यावर त्यांतल्या किती जुन्या माणसांना परवडतील आणि किती आमच्यासारख्या विमानाने येऊन फोटो काढणाऱ्यांसाठी असतील, यावर भांडा. मी पण येतो भांडायला.

हे आबांना सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, "म्हाताऱ्यांस्नी हाफ तिकीट न्हाई?" नाही म्हटलं. मग म्हणाले, "मग बुडूदेत."

भाच्याला हे सगळं रात्री पाठवलं. निळ्या टिका लगेच आल्या, उत्तर सव्वाअकराला. "ठीक आहे मामा. पण अँटनीचं मान्य आहे ना तुला?"

मान्य आहे, बाबा. मान्य आहे.