छंद जोपासा, पण आधी नंबर घ्या

यूएसबीला जोडायचं एखादं यंत्र स्वतः बनवावं असं मनात आलंय? छान. सोल्डरिंग, फर्मवेअर वगैरे किरकोळ कामं नंतर बघू. आधी 6,000 डॉलर बाजूला काढा.

व्हेंडर आयडीसाठी हो! यंत्र कुणी बनवलं हे सांगणारा 16 बिटांचा आकडा, हेक्समध्ये (सोळा-आधारित लिखाणात) जेमतेम चार अक्षरं. यंत्र जोडलं की कॉम्प्युटर हा आकडा आणि त्यासोबतचा, यंत्र कुठलं हे सांगणारा प्रॉडक्ट आयडी वाचतो नि त्यावरून ते चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, शोधतो. आकडे वाटण्याचा मान यूएसबी-आयएफ या संस्थेकडे. रक्कम जास्त वाटत असेल तर वर्षाला 5,000 डॉलर भरून सदस्य व्हा, आकडा त्यातच मिळतो.

मोबदला मात्र भरघोस आहे. एका व्हेंडर आयडीखाली 65,536 प्रॉडक्ट आयडी! आवाज कमी-जास्त करायची चकती आणि मित्राला दिलेला कीबोर्ड वजा जाता 65,534 शिल्लक. ते इतर हौशी मंडळींना वाटून टाकावेत, असा अभद्र विचार करू नका. करारात बसत नाही. 2013 मध्ये काही मुक्त हार्डवेअरवाल्यांनी (आपली डिझाइन सगळ्यांना खुली ठेवणाऱ्यांनी) सगळ्यांत मिळून एक आकडा घ्यायचं ठरवलं, तर 'निधी गोळा करणं ताबडतोब थांबवा' असं उत्तर आलं.

मग दुसऱ्याचा आकडा ढापावा? जरूर. प्रिंटरचा ढापलात तर तुमच्या तापमापकाला विंडोज मोठ्या प्रेमाने प्रिंटरचा ड्रायव्हर लावेल. एफटीडीआय या चिप कंपनीच्या नकली चिपा वापरणाऱ्यांना 2014 मध्ये याहून घसघशीत प्रसाद मिळाला: कंपनीच्या नव्या ड्रायव्हरने त्या चिपांमधला प्रॉडक्ट आयडीच पुसून 0000 करून टाकला. यातल्या कित्येकांना आपली चिप नकली आहे हे ठाऊकही नव्हतं, पण ते जाऊ द्या.

आकडे वाटायला मनाई करणारा नियम येण्याआधी आकडा घेतलेली आणि मग बंद पडलेली एखादी कंपनी सापडली तर उत्तम. 1209 हा आकडा असाच हौशी लोकांच्या हाती आला. डिझाइन नि कोड खुल्या परवान्याखाली ठेवा, पुल रिक्वेस्ट (यादीत आपली नोंद घालण्याची विनंती) पाठवा, प्रॉडक्ट आयडी फुकट. इतक्या सहज मिळालेल्या गोष्टीवर अर्थातच भरवसा ठेवू नये.

नेटवर्कवाल्यांचं उदाहरण तर मुळीच देऊ नका. त्यांनी मॅक पत्त्यात, म्हणजे नेटवर्कवरच्या यंत्राच्या ओळख क्रमांकात, एक बिट राखून ठेवलाय. तो 1 केला की पुढचा पत्ता तुमच्या मर्जीचा, कुणाला विचारायला नको. ब्लूटूथमध्येही 128 बिटांचा ओळख क्रमांक (यूयूआयडी) घरबसल्या तयार करता येतो. यूएसबीतही शे-दोनशे आकडे असे मोकळे सोडता आले असते. पण मग कुणीही उठून यंत्रं बनवत सुटलं असतं.

तोवर यूएसबीला साध्या सीरियल जोडणीत बदलणारी तयार यूएसबी-सीरियल चिप बसवा. आकडा चिप बनवणाऱ्याचाच येतो, पैसे वाचतात. तुमचं हवामान केंद्र, मित्राचा रोबो आणि शेजाऱ्याची दिव्यांची माळ, तिन्ही कॉम्प्युटरला एकसारखीच दिसतील. कॉम्प्युटरने दिलेला कुठला कॉम पोर्ट (सीरियल जोडणीचा क्रमांक) कुणाचा, हे एकेक केबल उपटून बघा.